ताईंनी परत केलेली बढती

बढतीची यादी मेलवर आली तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. लोधिवलीला बसमध्ये चढले त्याला पाचच मिनिटं झाली असतील. यादी मी वरून खाली वाचली, मग नजरचुकीनं नाव सुटलं असेल म्हणून खालून वर वाचली. नव्हतं. हे सलग चौथं वर्ष.

आमची बस खोपोलीहून निघून जुन्या हायवेनं पनवेलमार्गे महाप्याला जाते. कोविडनंतर आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असतं, पण त्या तीन दिवसांत जायचा दीड तास आणि यायचा दोन तास असा प्रवास होतो. मी टेस्टर होते. म्हणजे बाकीचे लोक सॉफ्टवेअर तयार करायचे आणि ते कुठं मोडतं ते आम्ही शोधायचो. बारा वर्षं नोकरी झाली होती, त्यातली शेवटची सात एकाच पदावर. आमच्या आळीत इंजिनीयर झालेली मी पहिली. नोकरी लागली तेव्हा वडील सायकलवरून पेढे वाटत फिरले होते. आता घरी पाहुणे आले की विचारत, "अजून तिथंच काय?" त्यांच्या मनात काही नसायचं. कंपनी तीच का, एवढंच त्यांना विचारायचं असायचं. मला मात्र वाटायचं, पद तेच का, असं विचारतायत.

शेजारच्या सीटवर ताई होत्या. त्या खालापूरला चढायच्या आणि माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरीची बावीस वर्षं झालेली, आणि पद माझंच. सीनियर टेस्ट इंजिनीयर. त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेला मुलगा आमचा मॅनेजर होता. नवी पोरं त्यांच्यामागे त्यांना 'कायमचा पत्ता' म्हणायची, कारण इमारती बदलल्या, मजले बदलले, तरी ताई त्याच कामावर. एकदा जेवणाच्या टेबलावर हा विनोद झाला तेव्हा मीही हसले होते. खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायची. त्या चांगल्या होत्या, मायाळू होत्या, पण त्यांच्याकडे बघितलं की मला माझी पुढची दहा वर्षं दिसायची.

"नाही आलं?" ताईंनी विचारलं.

मी मान हलवली. डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी डब्यातला शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. पनवेलला मीच विचारलं, "ताई, तुम्हाला कधी मॅनेजर व्हावंसं वाटलं नाही?"

"झाले होते की," त्या म्हणाल्या. "आठ महिने."

मला वाटलं, थट्टा करतायत.

"तू यायच्या आधी. चौदा माणसं होती हाताखाली. घरी सगळे इतके खूश, की यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं." त्यांच्या यजमानांचं खालापुरात सरकारी कचेऱ्यांसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे ही बातमी निम्म्या तालुक्याला कळली असणार. "पहिला महिना मजेत गेला. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं, की मी एकही स्क्रीन उघडून बघितलेली नाही. टीमनं काय केलं ते मला तक्त्यावरनं कळायचं. हिरवं, पिवळं, लाल. घरी जाताना मनाशी म्हणायचे, आज मी काय केलं? तर दोन पिवळी घरं हिरवी केली. ती कशी हिरवी झाली, तेही मला माहीत नसायचं."

"मग?"

"मग म्हटलं, मला परत खाली घ्या. तर एचआरची मुलगी म्हणाली, मॅडम, सिस्टीममध्ये तसं करताच येत नाही. वर जायचा फॉर्म आहे, राजीनाम्याचा आहे, खाली यायचा नाही. तिला वाटलं माझ्या घरी काहीतरी झालंय. दोनदा विचारलं, सासरी त्रास आहे का म्हणून." ताई हसल्या. "शेवटी एका मोठ्या साहेबांनी साध्या कागदावर लिहून दिलं."

"आणि लोक काय म्हणाले?"

"म्हणाले, बाईला जमलं नाही. थोडं खरंही होतं ते. दर वर्षी कामावरून माणसांना ओळीत उभं करून नंबर द्यायचे, कुणीतरी शेवटचा ठरवायचा, ते मला नाहीच जमलं."

मी ते ऐकून घेतलं, पण तेव्हा पटलं नाही. मला वाटलं, हे असं सांगायला बरं असतं. बावीस वर्षांनी कुणीही स्वतःची समजूत घालायला काहीतरी शोधून काढेलच.

तेव्हा आम्ही दोघी एका ॲपवर काम करत होतो. एका सेवाभावी संस्थेच्या नर्सबाई आदिवासी वाड्यांवर जाऊन बाळांचं लसीकरण करायच्या, त्यांच्यासाठी ते ॲप होतं. बाळाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख भरायची. मग ॲप हिशेब करून सांगायचं, की या बाळाला कोणती लस कोणत्या आठवड्यात द्यायची. काम छोटं होतं. मोठी माणसं बँकांच्या प्रोजेक्टवर असायची. हे प्रोजेक्ट मिळालं म्हणजे आपण मागे पडलो, असं ऑफिसात धरूनच चालत.

यादी आली त्याच आठवड्यात एका दुपारी ताईंनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं. संस्थेकडून आलेली नोंदींची यादी त्यांनी उघडली होती.

"ही कशेळ्याच्या बाजूच्या वाड्यांतली पोरं," त्या म्हणाल्या. "जन्मतारखा बघ."

मी बघितल्या. एक जानेवारी. एक जानेवारी. एक जानेवारी. मधेच एखादी निराळी, आणि पुन्हा ओळीनं एक जानेवारी.

"भरणाऱ्यांचा आळस असेल," मी म्हणाले.

"असेल," ताई म्हणाल्या. "पण एवढ्या बायका एकसारखा आळस करतील?"

त्यांनी मॅनेजरला सांगितलं. तो वाईट मुलगा नव्हता, पण त्याच्यावर वरून रिलीजचा, म्हणजे नवी आवृत्ती वेळेत काढायचा, ताण होता. त्यानं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, ही वापरणाऱ्यांची चूक आहे. संस्थेला सांगू, ट्रेनिंग द्या म्हणून. आपल्या बाजूनं हा विषय बंद करून टाका."

ताईंनी वाद घातला नाही. संध्याकाळी बसमध्ये मला विचारलं, "शनिवारी कशेळ्याला येतेस का? संस्थेशी बोलले मी. तिथली नर्स म्हणाली, या."

सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चानं, ज्या कामाची कुणी नोंदही घेणार नाही अशा कामासाठी. मी हो का म्हणाले, मला आजही नीट सांगता येणार नाही. घरी बसून बढतीच्या यादीत कोण कोण आलं त्याचा विचार करत राहण्यापेक्षा बरं, एवढंच असेल.

शनिवारी सकाळी आम्ही एसटीनं कर्जतला गेलो आणि तिथून कशेळ्याची जीप धरली. मागच्या सीटवर आम्ही सहा जणी, आमच्या पायांत कुणाच्या तरी पत्र्याच्या दोन पाट्या आणि कांद्याचं पोतं. कशेळ्याच्या नाक्यावर नर्सबाई उभ्या होत्या. तिशीच्या, सडपातळ, खांद्याला लशींचा निळा डबा, काखेत एक वही. त्या जवळच्याच गावच्या होत्या. आणखी थोडं अंतर रिक्षानं गेलो आणि मग चढाची पायवाट. ताईंचे गुडघे दुखायचे. त्या मधेमधे थांबत होत्या, पण प्रत्येक वेळी थांबल्या की नर्सबाईंना काहीतरी विचारत होत्या, म्हणजे थांबण्याचं कारण कळू नये.

वाडीच्या अंगणवाडीच्या ओट्यावर बायका बाळांना घेऊन बसल्या होत्या. नर्सबाईंनी चटई टाकली. ताई त्या चटईच्या कडेला मांडी घालून बसल्या आणि पुढचे दोन तास जवळजवळ गप्प राहिल्या. मला ऑफिसातल्या बैठका आठवल्या. तिथं गप्प बसणारा माणूस मागे राहतो. इथं त्या गप्प होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष मोबाइलवर फिरणाऱ्या नर्सबाईंच्या उजव्या अंगठ्यावर होतं.

एक नवी आई आली. तिची भाषा मला अर्धीच कळत होती. नर्सबाईंनी विचारलं, बाळ कधी झालं? आईनं विचार करून काहीतरी सांगितलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"भात झोडून घरात आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी झालं म्हणते," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी वहीत लिहिलं, 'भात घरात आणल्यावर, दुसरा दिवस.' मग मोबाइल घेतला. ॲपनं जन्मतारीख मागितली. त्यांनी ती जागा मोकळी सोडून पुढं जायचा प्रयत्न केला. लाल अक्षरं आली. जन्मतारीख भरा. त्यांनी कॅलेंडर उघडलं, वर्ष निवडलं. वर्ष निवडलं की ॲप आपोआप त्या वर्षाची एक जानेवारी धरायचं. त्यांनी 'ठीक' दाबलं आणि पुढच्या बाळाला हात लावला.

ताईंनी हलकेच विचारलं, "बाई, ती वही जरा बघू का?"

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "माझं चुकतंय काय, ताई? साहेबांना नका सांगू. ट्रेनिंगला गेलती मी. पण हिला तारीख कुठनं ठावी असणार? हिचं बाळ घरीच झालं. आणि तारीख टाकल्याबिगर ते पुढं सरकतच नाय."

"तुमचं काय बी चुकलेलं नाय," ताई म्हणाल्या. "आमचं चुकलंय. तुमची वही बरोबर हाय."

बारा वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'हाय' आणि 'नाय' पहिल्यांदा ऐकलं. त्याही याच मातीतल्या आहेत, हे मला माहीत होतं. ऑफिसात ते कधी ऐकू आलं नव्हतं, एवढंच. माझ्याही तोंडून कुणी ऐकलं नसेल.

वही मी चाळली. कुठं 'होळीच्या आधी चार दिवस', कुठं 'नाचणी लावताना', कुठं 'मोठ्या पावसात पूल गेला तेव्हा'. नर्सबाईंना यातल्या प्रत्येक नोंदीचा आठवडा तोंडपाठ होता. त्या लस द्यायच्या ते वहीवरून. ॲपमध्ये भरायच्या ते वरच्यांना हवं म्हणून. त्या रजेवर गेल्या होत्या तेव्हा बदली आलेल्या मुलीनं ॲपवर विश्वास ठेवला होता. तिला यादीत भलतीच बाळं दिसली, ज्यांना खरी गरज होती ती दिसलीच नाहीत. आया चढउतार करून आल्या आणि तशाच परत गेल्या. पुढं नर्सबाईंनी महिनाभर घरोघरी जाऊन ते निस्तरलं.

हे सगळं ऐकताना माझे कान तापले होते. कारण ती जन्मतारखेची जागा मीच तपासली होती. नीट आठवत होतं. एकोणतीस फेब्रुवारी टाकून बघितला होता, एकतीस एप्रिल टाकून बघितला होता, उद्याची तारीख टाकून बघितली होती, आकड्यांऐवजी अक्षरं टाकून बघितली होती. जागा मोकळी सोडली तर लाल अक्षरं येतात, हेही बघितलं होतं आणि त्यापुढे 'पास' लिहिलं होतं. एखाद्या आईला तारीख माहीतच नसेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या आजोळी कुणाला जन्मतारीख माहीत नव्हती, आणि तरीही आलं नव्हतं.

परतताना जीपमध्ये मी ताईंना हे सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, आणि जाऊ दे असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मग ही चूक सापडल्याची नोंद तूच लिही. स्क्रीन तुझी आहे."

मी लिहिली. रविवारचा अख्खा दिवस घालून, वहीतल्या ओळींचे फोटो जोडून लिहिली. बारा वर्षांत एवढ्या मनापासून मी एकही नोंद लिहिली नव्हती. मंगळवारी ती बंद झाली, म्हणजे दुरुस्त करण्यासारखं काही नाही असं ठरवून मिटवून टाकली. मॅनेजरनं खाली एक ओळ टाकली होती, 'सिस्टीम ठरल्याप्रमाणे चालते.' ताईंनी ती पुन्हा उघडली. पुन्हा बंद झाली. ताईंनी तिसऱ्यांदा उघडली. त्यांच्या चेहऱ्यावर चीड नव्हती. दार वाऱ्यानं लागलं की उठून उघडावं, तशा त्या उघडत होत्या. तिसऱ्यांदा बंद झाल्यावर मी म्हणाले, "ताई, वरती मेल करूया. सगळ्यांना."

"मेलनं माणूस अडून बसतो," त्या म्हणाल्या. "त्याला बघू दे."

दर महिन्याला एक आढावा बैठक असायची. मॅनेजर, त्याच्या वरच्या मॅडम, आम्ही सगळे आणि संस्थेचे एक अधिकारी व्हिडिओवर. या वेळी ताईंनी आधीच विचारून ठेवलं होतं, की संस्थेकडून नर्सबाई पण येतील, पाच मिनिटं. नको म्हणायला कुणाला काही कारण सुचलं नाही. नर्सबाई रेंजसाठी वाडीवरून कशेळ्याला उतरून आल्या होत्या. मागे एका दुकानाचं शटर आणि जीपच्या हॉर्नचे आवाज.

ताई मॅनेजरला म्हणाल्या, "तुम्ही मोबाइलवर भराल का एक नोंद? मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल. बाई वाचून दाखवतील."

त्याला काही गैर वाटलं नाही. त्यानं मोबाइल जोडला, ॲप उघडलं. नर्सबाईंनी वहीतनं आईचं नाव सांगितलं, बाळाचं सांगितलं. त्यानं भरलं.

"जन्मतारीख?" तो म्हणाला.

"भात घरात आणल्यावर, दुसरा दिवस," नर्सबाईंनी वाचलं.

तो थांबला. "म्हणजे तारीख कोणती?"

"तारीख नाय ठावी, साहेब. तिला बी नाय आन् मला बी नाय."

त्यानं पुढचं बटण दाबलं. लाल अक्षरं आली. मागं जाऊन पुन्हा दाबलं, पुन्हा आली. मी खाली बघत होते, कारण ती लाल अक्षरं माझीच होती.

मग नर्सबाईच समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "साहेब, एक जानेवारी टाका. आमी तसंच टाकतो."

वरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. मॅनेजरनं नर्सबाईंना विचारलं, "तुम्हाला काय असायला हवं आहे?" त्याचा आवाज बदलला होता, आणि त्या आवाजासाठी मी त्याला पुष्कळ काही माफ केलं. नर्सबाईंनी सांगितलं. तारीख नक्की ठाऊक नाही, असं सांगता आलं पाहिजे. मग महिना, आणि महिन्याचा सुरुवातीचा, मधला की शेवटचा भाग. आणि वहीत लिहितो तशी एक ओळ लिहायला जागा. मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत.

पुढच्या रिलीजमध्ये ते आलं. जन्मतारखेच्या खाली एक छोटा चौकोन, 'तारीख नक्की माहीत नाही'. तो चौकोन मी तपासला. इतका तपासला, की प्रोग्रामर मुलगी म्हणाली, आता पुरे करा.

सहा महिन्यांनी कंपनीच्या कार्यक्रमात आमच्या प्रोजेक्टला बक्षीस मिळालं. मॅनेजरला स्टेजवर बोलावलं. त्यानं भाषणात टीमचे आभार मानले, नावं घेतली नाहीत. ताई पाचव्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. मला इतका राग आला होता की मी टाळीसुद्धा वाजवली नाही.

बसमध्ये मी म्हणाले, "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटत नाही असं कोण म्हणालं?" ताई म्हणाल्या. "लागतं गं. माझं नाव घेतलं असतं तर यांनी दुकानात फोटो लावला असता. आणि बढतीची यादी येते ना, ती मीही वाचते. दर वर्षी. वरून खाली."

इतकी वर्षं मी धरून चालले होते, की त्यांना काही नको आहे.

"मग तरी कसं करता?"

"आता ती बाई वही आणि मोबाइल दोन्हीत एकच लिहिते. काल फोन आला होता तिचा. मला कळतं मी काय केलं ते. मॅनेजर असताना नव्हतं कळत. मला तेवढं लागतं. तुला आणखी काही लागत असेल, तर तसं सांग. त्यात लाज कसली?"

हे त्या अगदी वेळेवर बोलल्या, कारण एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती. दुसऱ्या एका कंपनीत टेस्टिंगच्या टीमचं प्रमुखपद रिकामं होतं आणि मी तिथं दोन मुलाखती दिल्या होत्या. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, तुमच्या हातून झालेली मोठी चूक सांगा. मी जन्मतारखेची सांगितली होती. वहीसकट, कशेळ्यासकट. समोरचे दोघे आधी लॅपटॉपकडे बघत होते, ते मधेच माझ्याकडे बघायला लागले, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी ते पद मला देऊ केलं होतं.

मी ताईंना सगळं सांगून टाकलं. मग म्हणाले, "तुम्ही खाली उतरलात आणि मी वर चाललेय. तुम्हाला काय वाटेल म्हणून बोलले नाही."

"खुळी आहेस," ताई म्हणाल्या. "मला ते काम आवडलं नाही म्हणून मी उतरले. तुला माणसं सांभाळायला आवडतात. प्रोग्रामर पोरी रडायला तुझ्याकडे येतात, माझ्याकडे येत नाहीत. जा तू."

मी गेले. शेवटच्या दिवशी आमच्या मॅनेजरनं निरोपाचा केक आणला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, की पुढच्या महिन्यात तो नर्सबाईंबरोबर वाडीवर जाणार आहे आणि ताईंनी त्याला सांगितलंय, बूट घालू नका, चढ आहे पण ओहोळात पाय घालावा लागतो. हे त्यानं काहीशा अभिमानानं सांगितलं.

नव्या कंपनीत मला नऊ माणसांची टीम मिळाली. त्यांचं काम कारखान्यांच्या सॉफ्टवेअरचं. माल किती आला, किती गेला, कुठं ठेवला. दोन वर्षं झाली त्याला. त्या कामात तक्ते आहेत, हिरवं-पिवळं-लाल आहे, आणि माणसांना नंबर देणंही आहे. ते मला आवडतं असं नाही, पण ताईंना व्हायचा तेवढा त्रास मला होत नाही. मी त्यांच्यासारखी नाही, हे मला आता नीट कळलंय आणि त्याचं वाईट वाटत नाही. त्यांच्याकडे बघून भीती वाटायची, तीही गेली. उलट एखादी टेस्टर दहा वर्षं त्याच पदावर दिसली, की मी तिला मागे पडलेली धरत नाही. तिला काय माहीत आहे ते आधी विचारते.

गेल्या महिन्यात मी टीममधल्या चौघांना घेऊन खोपोलीजवळच्या एका कारखान्यात गेले. आमचं सॉफ्टवेअर जिथं खरोखर वापरतात, त्या गोदामात. चौघंही नाखूश होते. गोदामातला कामगार हातमोजे घालून काम करत होता, आणि आमच्या स्क्रीनवरची बटणं एवढी बारीक, की प्रत्येक नोंदीला त्याला हातमोजा काढावा लागत होता. दिवसातनं शंभरदा काढ-घाल. त्यानं कधी तक्रार केली नव्हती. त्याला वाटायचं, ते असंच असतं. आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी खाली फरशीवर बसली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. तासभर ती बोलली नाही. मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत होते.

बाहेर आल्यावर मी ताईंना फोन लावला. त्या ऑफिसातच होत्या, त्याच टेबलावर. मी घाईघाईनं सांगायला लागले, हातमोजे, बटणं, ती मुलगी.

"थांब," ताई म्हणाल्या. "मला नीट ऐकायचंय हे, पण आत्ता नको. कर्जतच्या बाजूच्या नव्या नर्सबाई लाइनवर आहेत, पासवर्ड विसरल्यात. त्यांना आधी आत सोडते, मग तुला लावते."